विमानविद्या शिकणाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या विद्यार्थ्यांनी, आईवडिलांनी आणि देणगीदारांनी आम्हाला फोनवर, मुलाखतीत, शाळेच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एका विश्वस्ताने लिहिली आहेत. माझी सगळी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली, त्यामुळे त्या कामाची उत्तरं इतरांपेक्षा मोठी आहेत.

तुमचा न्यास नेमकं काय करतो?

वैमानिकी, अंतराळ अभियांत्रिकी, विमान देखभाल आणि विमानाचे सुटे भाग घडवण्याचं काम शिकणाऱ्या मुलामुलींना आम्ही शिष्यवृत्ती देतो. घरची परिस्थिती बेताची असावी, एवढी मुख्य अट. शिवाय आठवी ते दहावीच्या वर्गांत जाऊन विमान कसं उडतं ते शिकवतो.

आमच्या कामाला आजचं रूप आलं ते एका चुकीमुळे. सुरुवातीच्या काळात काटोलकडच्या एका मुलाला विमान देखभालीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. त्याला मदत करायची हे आम्ही सगळ्यांनी तोंडी ठरवलंही होतं. पण विश्वस्तांची बैठक लांबली, ठराव लांबला, चेकवर दुसरी सही व्हायची राहिली. चेक घेऊन त्याच्या घरी गेलो तेव्हा पैसे भरायची मुदत टळून गेली होती. त्याच्या वडिलांनी चहा दिला आणि एका शब्दानेही बोल लावला नाही. रक्कम मोठी नव्हतीच, ती फक्त पंधरा दिवस आधी पोचायला हवी होती. त्या मुलाचं वर्ष गेलं. तेव्हापासून प्रवेशाच्या वेळी लागणारे पैसे बैठकीची वाट न बघता देण्याचा अधिकार आम्ही दोन विश्वस्तांना दिला आहे. मोठी रक्कम उशिरा देण्यापेक्षा लहान रक्कम वेळेवर देणं हे आम्ही आमचं पहिलं काम मानतो.

हे काम नागपुरात कशाला? विमानाचं शिक्षण म्हटलं की बंगळूर, मुंबई.

हा प्रश्न नागपूरकरच जास्त विचारतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

१९४९ साली देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या शहरी परतत. देशाच्या चारही टोकांची पत्रं अनेक वर्षं आपल्या गावात रात्री हात बदलत होती. शहर देशाच्या मध्यावर असण्याचा असा उपयोग तेव्हाच कळला होता.

आज त्याच धावपट्टीला लागून मिहान हा औद्योगिक प्रकल्प आहे. बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेलं देखभाल केंद्र तिथे आहे आणि त्याच्या हँगरमध्ये, म्हणजे विमान उभं करायच्या मोठ्या शेडमध्ये, ७७७, ७८७ सारखी मोठी विमानं येतात. फ्रान्सची दासो कंपनी आणि रिलायन्स यांच्या कारखान्यात फाल्कन या खाजगी जेट विमानांचे भाग बनतात. फाल्कन २००० हे अख्खं विमान फ्रान्सबाहेर पहिल्यांदाच नागपुरात जुळवलं जाणार, अशी घोषणा जून २०२५ मध्ये झाली. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय वायुसेनानगरला आहे. स्कायरूट या खाजगी रॉकेट कंपनीने आपल्या कलाम-५ या घन इंधनाच्या मोटरची चाचणी डिसेंबर २०२० मध्ये नागपूरलाच घेतली.

इतकं सगळं एका शहरात असताना हिंगण्याच्या किंवा कामठीच्या शाळेतल्या मुलाला विमान फक्त खालून दिसतं. हे अंतर कमी व्हावं म्हणून हा न्यास आहे.

अर्ज कोण करू शकतं?

विदर्भात दहावी किंवा बारावी झालेला कोणताही विद्यार्थी. शिकायला बाहेर गेलात तरी चालेल. जात, धर्म, शिक्षणाचं माध्यम यांची अट नाही. अर्ज मराठीत लिहा. इंग्रजीत लिहिल्याने वेगळं काही मिळत नाही.

किती टक्के लागतात?

आमची टक्क्यांची अट नाही. तुमच्या अभ्यासक्रमाची जी प्रवेशाची अट असेल ती पूर्ण झाली की पुरे.

मुलाखतीत आम्ही मार्कशीट बघतो, पण जास्त वेळ दुसऱ्याच गोष्टीवर जातो. टेबलावर सायकलचा पंप, बंद पडलेलं घड्याळ, जुना मिक्सर असं काहीतरी ठेवलेलं असतं. ते उघडायचं, आत काय आहे ते बघायचं आणि आम्हाला सांगायचं. दुरुस्त झालं नाही तरी चालतं. काढलेले स्क्रू मुलगा कुठे ठेवतो हे मी बघतो. जो एका वाटीत, काढलेल्या क्रमाने ठेवतो, त्याला हे काम शिकवता येतं. विमानात सुटलेला एक नट इंजिनात गेला तर काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

मला पायलट व्हायचंय. सीपीएलचा पूर्ण खर्च देता का?

नाही. कारण स्पष्ट सांगतो. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तास उड्डाण करावं लागतं आणि तो खर्च चाळीस लाखांच्या पुढे जातो. तेवढ्या पैशांत विमान देखभाल आणि आयटीआय शिकणाऱ्या मुलांची एक अख्खी रांग पार होते. आमची थैली लहान आहे, म्हणून आम्ही ती रांग निवडली.

पण वैमानिक होऊ पाहणाऱ्याला आम्ही वाऱ्यावर सोडत नाही. वैद्यकीय तपासणी, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लेखी परीक्षांची फी, पुस्तकं आणि परीक्षेच्या प्रवासाचा खर्च आम्ही उचलतो. त्याचा क्रम मात्र आम्ही सांगू तसाच ठेवावा लागतो.

सगळ्यात आधी वैद्यकीय तपासणी. डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडून क्लास टू, आणि ती झाली की लगेच क्लास वन. दोन्ही हातात येईपर्यंत कोणत्याही फ्लाइंग स्कूलला एक रुपया भरू नका. रंग ओळखण्यातला दोष पुष्कळांना स्वतःला ठाऊकच नसतो. ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा वाचता आला नाही की मगच कळतं. फी भरून झाल्यावर हे कळलेली घरं मी पाहिली आहेत. चष्मा असला म्हणून घाबरू नका, चष्म्याने नजर ६/६ होत असेल तर अडचण येत नाही.

दुसरी पायरी लेखी परीक्षांची: हवाई दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम, तांत्रिक विषय. पास व्हायला ७० टक्के लागतात. हे विषय घरी राहून, नागपुरात राहून, कमी खर्चात तयार करता येतात. हे पेपर निघाले, तर मोठा खर्च करण्यात अर्थ आहे. आधी विमानात बसायचं आणि पेपर मागे ठेवायचे, असं करणाऱ्यांचे तास आणि पैसे दोन्ही वाया जातात.

राहता राहिला वावर विकण्याचा विषय. दरवर्षी कुणी ना कुणी वडील विचारतात, "तीन एकर काढून टाकू का, सर?" माझं उत्तर दरवर्षी एकच आहे: नका काढू. परवाना हातात आला की नोकरी मिळतेच असं नाही. विमान कंपन्यांची भरती लाटेसारखी येते आणि ओसरते. दोन-तीन वर्षं घरी बसलेले परवानाधारक मला माहीत आहेत. कर्ज, वायुसेनेची वाट, किंवा आधी देखभालीचा परवाना घेऊन कमवायला लागणं आणि मग उड्डाण, हे मार्ग बसून बोलू. गोंदियाजवळ बिरसीला उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. ती बघायची असेल तर आधी रीतसर परवानगी घ्या आणि वडिलांनाही सोबत न्या.

बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलं होतं. आता दार बंद का?

बंद नाही. वैमानिकाला आणि देखभाल अभियंत्याला बारावीचं भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. राहिलेला विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून वेगळा देता येतो. त्याची परीक्षा फी आम्ही देतो. दहावीनंतर विषय निवडायच्या आधी हा प्रश्न आमच्यापर्यंत आला तर एक वर्ष वाचतं, म्हणून शिक्षकांना विनंती की वर्गात एकदा सांगून ठेवा.

एएमई आणि एरोनॉटिकल इंजिनिअरिंग यांत फरक काय? कॉलेजवाले तर एकच सांगतात.

एकच नाही, आणि या गोंधळात मुलांची चार-चार वर्षं जातात.

एरोनॉटिकल इंजिनिअरिंग ही विद्यापीठाची पदवी आहे. विमानाचा आकार, त्यावर येणारे भार, इंजिनातली ऊर्जा, हे सगळं कसं मांडायचं ते त्यात शिकवतात. पुढे संशोधन, रचना, निर्मिती हा रस्ता. ही पदवी हातात असली म्हणून हँगरमधल्या विमानाच्या कागदावर सही करता येत नाही.

ती सही करतो एएमई, म्हणजे परवानाधारक विमान देखभाल अभियंता. काम संपल्यावर हे विमान उड्डाणाला योग्य आहे असं लिहून तो खाली आपलं नाव आणि परवाना क्रमांक टाकतो. त्या कागदाशिवाय विमान हलत नाही. हा अभ्यासक्रम डीजीसीएने सीएआर-१४७ या नियमाखाली मान्यता दिलेल्या संस्थेतच करावा लागतो. बी१.१ म्हणजे जेट विमानाचा सांगाडा आणि इंजिन, बी२ म्हणजे विजेची आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं. प्रत्येक विषयाच्या परीक्षेत ७५ टक्के लागतात. आपल्याकडच्या ३५ टक्क्यांच्या सवयीतून आलेल्या मुलाला हा आकडा पहिल्या वर्षी फार जड जातो. त्यामागचं कारण त्याला नीट समजावून सांगावं लागतं: ब्रेकबद्दल पाऊण माहिती असलेला माणूसही आम्हाला कमीच वाटतो.

वर्गातला अभ्यास संपला तरी परवाना लगेच मिळत नाही, प्रत्यक्ष विमानावर कामाचा अनुभव लागतो. हा मधला काळ सगळ्यात कठीण असतो. पगार तुटपुंजा किंवा काहीच नाही, खोलीचं भाडं चालू, घरून फोन येतो "झालं का शिकून?" पुष्कळ मुलं इथेच सोडून देतात. म्हणून आमच्या शिष्यवृत्तीतला मोठा हिस्सा अभ्यासक्रमाच्या फीपेक्षा या काळातल्या राहण्या-जेवण्यावर जातो.

संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही हे कसं कळणार?

डीजीसीएच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. नाव, शहर आणि कोणत्या कॅटेगरीची मान्यता आहे, तिन्ही जुळवून बघा. गणवेशातल्या मुलांचे फोटो आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' यांवरून काही ठरवू नका. यादी वाचता येत नसेल तर माहितीपत्रकाचा फोटो आम्हाला पाठवा, आम्ही बघून सांगू. त्यासाठी अर्ज करायची गरज नाही.

मुलगी आहे. हँगरमधलं काम तिला जमेल का?

रामटेककडच्या एका आईने मुलीसमोरच विचारलं होतं, "सर, तिले जमन का हे?" मी लॉकवायर आणि पक्कड मुलीच्या हातात दिली आणि दोन बोल्ट बांधायला सांगितले. लॉकवायर म्हणजे बोल्ट थरथरीने सैल होऊ नये म्हणून पिळून बांधायची तार. पीळ एकसारखा यावा लागतो आणि ओढ बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेने असावी लागते. तिसऱ्या खेपेला तिने बरोबर बांधली. पुरुष शिकाऊंना मी याहून जास्त खेपा लागलेल्या पाहिल्या आहेत.

ताकदीची कामं आहेत, पण ती यंत्राने होतात. अडचण खरी आहे ती रात्रपाळीची आणि राहण्याच्या जागेची. मुलींना वसतिगृहाचे पैसे आम्ही वेगळे देतो, शिष्यवृत्तीतून कापत नाही.

इस्रोत जायचंय. कुठून सुरुवात करू?

नववीत असाल तर इस्रोच्या 'युविका' कार्यक्रमाला अर्ज करा. बारावीनंतर तिरुवनंतपुरमची आयआयएसटी आहे. अंतराळ विभागाची ही संस्था २००७ साली सुरू झाली आणि तिथला पदवीचा प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवर होतो. मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूरच्या आयआयटीत एरोस्पेसची पदवी आहे.

पण इस्रोला फक्त एरोस्पेसवाले लागतात ही समजूत काढून टाका. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर या शाखांची भरती तिथे नेहमी होते. धातूचंच उदाहरण घ्या. जेट इंजिनातल्या टर्बाइनची पाती निकेलच्या मिश्रधातूची असतात आणि त्यांच्याभोवतीचा वायू त्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही तप्त असतो. पाती टिकतात ती आतून खेळवलेल्या थंड हवेमुळे आणि वरच्या लेपामुळे. हे ज्याला समजतं तो धातुशास्त्राचा माणूस असतो, आणि तो विषय आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत आहे. घराजवळ मिळणारी चांगली शाखा सोडून दूरच्या नावापुरत्या एरोस्पेस कॉलेजात जाऊ नका. अशा चांगल्या शाखेत शिकणाऱ्यांनाही आम्ही शिष्यवृत्ती देतो.

आयटीआय केलं तर या क्षेत्रात कुणी विचारतं का?

विचारतं. विमानाचा सांगाडा म्हणजे हजारो रिव्हेट. प्रत्येक भोकाचा व्यास, कोन आणि कडेपासूनचं अंतर ठरलेलं असतं, आणि ते भोक शेवटी फिटरच पाडतो. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये दासोच्या साथीने विमानाच्या सांगाड्याच्या फिटरचा ट्रेड सुरू झाला आहे. दहावी झालेल्या आणि लवकर कमावणं भाग असलेल्या मुलाला मी बहुतेकदा हाच रस्ता सांगतो. पुढची परीक्षा नोकरी करतानाही देता येते.

सरकारी शिष्यवृत्ती मिळत असेल तर तुमची मिळते का?

मिळते. आधी सरकारी घ्याच, तो तुमचा हक्क आहे. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी वेगळ्या योजना आहेत. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, हे लक्षात ठेवा.

अडचण वेळेची असते. कॉलेज फी ऑगस्टमध्ये मागतं आणि सरकारी रक्कम पुढल्या उन्हाळ्यातही येऊ शकते. मधल्या महिन्यांत सावकाराकडे जाऊ नये म्हणून आम्ही तेवढी रक्कम बिनव्याजी देतो. सरकारी पैसे आले की ती परत करायची, म्हणजे पुढच्या मुलाला मिळते. मूळ शिष्यवृत्ती मात्र परत करायची नसते.

शाळेत येऊन काय शिकवता?

सुरुवात एका चुकीच्या समजुतीपासून होते. पंखावरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेला गाठायचं म्हणून ती जोरात पळते, असं पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलं असतं. वरची हवा खरोखर वेगाने जाते, पण खालच्या हवेला गाठण्यासाठी नाही. ती तिच्या आधीच मागच्या कडेला पोचते. पंख हवेला खाली वळवतो आणि त्या बदल्यात हवा पंखाला वर ढकलते. स्कूटरवर मागे बसून हात थोडा तिरपा धरला की हे हाताला कळतं. मुलं तो प्रयोग घरी जाताना करतात.

मग आपल्या उन्हाचा धडा. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखाला कमी आधार मिळतो, इंजिनाचा जोरही कमी पडतो. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की इथली हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण सुमारे १,४०० मीटर उंचीवर असल्यासारखं वाटतं. म्हणजे चिखलदऱ्याच्याही वर. त्याला धावपट्टीवर जास्त धावावं लागतं, कधी वजनही कमी करावं लागतं. आम्ही हे गणित फळ्यावर मुलांकडूनच करून घेतो, कारण यातलं ऊन त्यांच्या ओळखीचं असतं.

शाळेने फक्त दोन तास, फळा आणि वर्गशिक्षकांची हजेरी द्यावी. जमलं तर मुलांना आधी रमन विज्ञान केंद्र दाखवून आणा. शाळेकडून आम्ही पैसे घेत नाही.

मुलाला ड्रोन उडवायचा आहे. घराच्या गच्चीवरून चालेल का?

सोनेगाव, जयताळा, वर्धा रोडकडे राहत असाल तर आधी नकाशा बघा. विमानतळाभोवतीचा भाग लाल क्षेत्रात येतो आणि तिथे परवानगीशिवाय लहानसा ड्रोनही उडवता येत नाही. कोणता भाग कोणत्या रंगात आहे ते डिजिटल स्काय नकाशावर दिसतं. ड्रोन चालकाचं प्रमाणपत्र घ्यायला वय १८ पूर्ण आणि दहावी पास लागतं, प्रशिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतच व्हावं लागतं. लहान मुलांना मी बाल्सा लाकडाचं ग्लायडर बनवायला सांगतो. गुरुत्वमध्य कुठे असावा हे ड्रोन स्वतः सांभाळून घेतो; ग्लायडरमध्ये ते मुलाला शोधावं लागतं.

देणगी द्यायची आहे.

मनापासून आभार. न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे, हिशेब दरवर्षी तपासला जातो आणि कुणालाही बघता येतो. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते, आणि दोन हजारांपेक्षा जास्त रोख रकमेवर मिळत नाही. म्हणून चेक किंवा बँकेतून द्या, पॅन कळवा.

परदेशातल्या नागपूरकरांसाठी: भारतीय पासपोर्ट असेल तर तुमची स्वतःची बचत बँकेतून थेट देता येते. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर कायद्याने ती विदेशी देणगी ठरते. आमच्याकडे त्याची परवानगी नाही, आम्ही ती स्वीकारत नाही. तुमचा वेळ मात्र हवा आहे. आठवड्यातून एक तास एखाद्या मुलाला ऑनलाइन शिकवा. ७५ टक्क्यांचा डोंगर त्याच आधारावर चढला जातो.

एका विशिष्ट जातीच्या किंवा गावाच्याच मुलाला द्या, अशा अटीची देणगी आम्ही घेत नाही.

निवड कधी होते?

बारावीचा निकाल लागला की अर्ज घ्यायला सुरुवात होते. मुलाखती पावसाळ्यात होतात आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते त्याच्या आत यादी लागते. प्रवेशाची मुदत त्याआधी संपत असेल तर वाट बघू नका, सरळ फोन करा.

मुलाखतीला काय आणू? सोबत कुणी आलं तर चालेल का?

मार्कशीट, आधार, उत्पन्नाचा दाखला, प्रवेशाचं पत्र. दाखला तहसीलमधून मिळाला नसेल तर अर्ज केल्याची पावती चालते. हाताने काही बनवलं असेल, दुरुस्त केलं असेल, तर तेही आणा. आई किंवा वडील यावेत असं आम्हाला वाटतं, त्यांच्या प्रश्नांना वेगळा वेळ ठेवलेला असतो. गडचिरोली, भामरागड, मेळघाटातून येणाऱ्यांनी एसटी कधी पोचते ते आधी कळवावं. त्यांची मुलाखत गाडीच्या वेळेप्रमाणे ठेवतो, जेवणाची सोय असते आणि दोघांचं तिकीट आम्ही देतो.